काकांची नजीर

माझ्या थोरल्या काकांसारखा माणूस जुन्या जालन्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर काकांनी त्यालाही अडवून विचारलं असतं, "कोणत्या कायद्यानं?" काका वकील. निजामाच्या अमदानीत सगळी वकिली उर्दूत केलेली. पोलीस ॲक्शननंतर एकामागून एक नवे कायदे येऊ लागले, तरी काका म्हणत, "राज्य बदललं, तरतीब तीच. पहिले कानून पहा. त्यात न्हाई, तर नजीर, म्हणजे आधी अशाच मामल्यात काय ठरलं ते. तेबी न्हाई, तर रिवाज. आणि काहीच न्हाई सापडलं, तर मंग अक्कल." अक्कल नेहमी शेवटी! आमटी खारट झाली की ते मागच्या पोळ्याची नजीर काढून दही मागत. मांजरीनं दूध प्यायलं तर तिची जुनी वहिवाट मान्य करत, आणि काकू मुकाट्यानं दुसरं दूध तापवत. काकू कशालाच काही बोलत नसत.

नवा विवाह कायदा आला त्या सुमारास मंठ्याची आत्या आपल्या मुलासाठी माझ्या धाकट्या बहिणीला मागायला आली. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, यात आमच्याकडे विचारायचं काय? कमल मात्र स्वैपाकघरात काकूंच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती. तिला शिकायचं होतं, आणि आतेभाऊ तिला भाऊच वाटे. बहिणीला नाही म्हणणं वडिलांच्या जिवावर आलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी घसा खाकरला, "नव्या कायद्यानं हे लग्न मना आहे."

आत्याचा विडा तोंडाशीच थांबला. "मामाच्या पोरीशी मना? मंग काय वाघिणीशी लावायचं?"

"थांब, बाई. त्याच कायद्यात एक खिडकी आहे. आपल्यात रिवाज असेल तर मुभा. तू रिवाज शाबित कर."

"शाबित काय करायचं, दादा? तुम्हीच आपल्या मामाची पोरगी करून आणली की! ही काय आत बसलीय!"

काकांचा चेहरा असा खुलला, जणू हायकोर्टात जिंकले. "बिलकुल बराबर! घरातच इतकी मजबूत नजीर..."

"त्या नजिरीला कुणी इचारलं होतं का?"

आम्ही सगळे हादरलो. स्वैपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून बैठकीत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आत्याचा विडा खाली पडला. काका चष्मा काढून पुसू लागले, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. कानून, नजीर, रिवाज, सगळं धुंडाळून झालं असावं. मग ते अगदी हळू म्हणाले, "नजीर रद्द. पोरीला विचारा."

कमल आतूनच "न्हाई!" म्हणाली, ते शेजारच्या कापडदुकानातसुद्धा ऐकू गेलं. आत्या चहा न घेता स्टँडवर गेली.

त्या संध्याकाळी काकांनी माझ्यादेखत काकूंना विचारलं, "समजा, आज विचारलं तर?"

"इचार करून सांगते," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या कपासोबत काकांचा सवाल यायचा, "निकाल लागला का?" आणि काकू पदराआडून हसून सांगायच्या, "तारीख पुढं गेली."

काका गेल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. चुलीवर सवयीनं दोघांचा चहा उकळत होता. त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "निकाल तर कवाच लागला होता रे. पण सांगितला असता, तर त्यांनी रोज इचारलं असतं का?"