देगलूरहून आलेली पपई

त्या उन्हाळ्यात मी तुळजाईशी बोलणं टाकलं होतं. देव्हाऱ्यात दिवा लागायचा, पण लावायचा तो नुसता हात, मन नाही. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडंतिकडं नव्या पाट्या आणि नवे साहेब, नळाला मात्र आठ-आठ दिवस पाणी नाही. माझ्या लेकीला, कुसुमला, मुलगी झाली होती आणि तिला दूधच उतरत नव्हतं. तिचं आधीचं एक पोटातच गेलेलं. शतावरी झाली, अळीव झाले, लसूण झाला. बाळ चोखायचं, दमायचं आणि रडायचं, आणि ते रडणंही रोज बारीक होत चाललं होतं. डॉक्टरांनी वरचं दूध पाजायला सांगितलं, ते बाळाच्या पोटात ठरेना. मी देवीला म्हटलं, परत न्यायचंच होतं तर दिलंस कशाला? मग तेही म्हणणं सोडलं. माझा स्वभावच तसा. रुसले की देवालाही सोडत नाही.

खरं तर रुसायला मला तोंड नव्हतं. एका अंगणात आम्ही दोन बिऱ्हाडं. शेजारच्या सुनंदाचा नवरा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून, देगलूरकडून बदलून आलेला. माणसं बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर, घर आरशासारखं लख्ख. आमचं बोलणं गोड होतं. पण तिच्याकडून भाजीची वाटी आली की मी ती गुपचूप रस्त्यावरच्या गायीपुढं ठेवायची. आज सांगताना लाज वाटते, पण आता लपवून काय करू? तिनं न्हाणीच्या सांडपाण्यावर पपई लावली होती. सगळी गल्ली वाळून गेली, ते एवढं झाड हिरवं. कुणाचं पोट साफ होईना की सुनंदाकडून पिकली फोड आणायची, पोरांना जंत झाले की वाटलेल्या बिया मधातून द्यायच्या, नायट्यावर कच्च्या फळाचा चीक लावायचा. गल्लीचा दवाखानाच होता तो.

कुसुम सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आणि मला त्या झाडाची धास्ती बसली. गरवारशीनं पपई खाल्ली की पोट पडतं, हे आईनं माझ्या मनावर ठसवलेलं. पोरगी खिडकीतून त्या फळांकडं टक लावून बघायची, आणि मी खिडकी ओढून घ्यायची. एका दुपारी सुनंदा टँकरच्या रांगेत गेली होती. मी कोयता घेतला. पपईचं खोड ते केवढं, दोन घावांत आडवं झालं. पांढरा चीक माझ्या मनगटावर उडाला. सुनंदा कळशी घेऊन परतली, झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं घरात गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

बाळाच्या पाचवीचा दिवस उजाडला. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, असं आमच्याकडं मानतात. पूजा मांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. दुपारी खिडकीला ओलं पोतं लावून मी बाळापाशी आडवी झाले. पोत्यातून येणारा उजेड पाण्यासारखा हलत होता. बाहेर झळांमध्ये अंगण तरंगत होतं. बाळ कण्हतंय की मी, हेही कळत नव्हतं. डोळा लागला की नाही, कोण जाणे, पण दारात पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उभी दिसली. पाय धुळीनं भरलेले, ओच्यात हिरवंगार काहीतरी. मला वाटलं, सटवाईच आली, दिवसाउजेडी आली. मी पडल्यापडल्या हात जोडले. म्हटलं, "माये, चुकलं. झाड मी तोडलं. पोरीला शिक्षा देऊ नको."

"हाव, ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "ऊठ बाई. इळी कुठं हाय?"

ती सुनंदाची आई होती. देगलूरहून एसटीनं आलेली, ओच्यात तीन कच्च्या पपया. त्यांच्याकडं तेलुगू मिसळलेली बोली, पपईला ती बोप्पाय म्हणायची. साल काढता काढता ती सांगू लागली, "पोरीचं कारड आलं होतं. शेजारच्या लेकीचं बाळंतपण हाय, हितलं झाड गेलं, येताना कच्ची बोप्पाय आन म्हून. गरवारशीला वर्ज्य, पर बाळंतिनीला शिजवून घातली की दूध उतरतंय. तुला न्हाई ठाऊक?"

मला ठाऊक नव्हतं. मला अर्धंच ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर मी कोयता उचलला होता. मी विचारलं, "मावशी, झाड कुणी तोडलं, तेही लिहिलं होतं?" ती म्हणाली, "भ्याली म्हून तोडलं, असं लिवलंय. रागानं न्हाई."

फोडी धुऊन, चीक निथळून झाल्यावर ती थांबली. "तुझ्या चुलीवर टाकू, का आमच्या?" किती साध्या आवाजात विचारलं तिनं! तिला सगळं कळत होतं. मी म्हटलं, "तुमच्याच चुलीवर करा, मावशी. मीही तेच खाईन." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरचं अन्न खाल्लं. मुगाची डाळ, लसूण, जिरं आणि मऊ शिजलेली पपई, भाकरी कुस्करून. कुसुमला दोन्ही वेळा तेच दिलं. पहिला दिवस कोरडा गेला, दुसराही. तिसऱ्या पहाटे तिनं हाक मारली. तिचा पदर ओला झाला होता आणि बाळ घटाघट पीत होतं. मी उंबऱ्यात बसून पोटभर रडले.

पपईनं झालं, की होणारच होतं, ते मला माहीत नाही आणि कुणाशी वादही घालायचा नाही. माफी मागायला गेले तर सुनंदानं बोलूच दिलं नाही. "काकू, बाळ निजलं का?" एवढंच विचारलं आणि चहा ठेवला. तिच्या आईनं ते कार्ड मला दाखवलं. त्यावरची तारीख मी दोनदा वाचली.

देवीकडं मी जन्मभर मागत आले, आणि ते कुणाच्या हातून यावं तेही मीच ठरवत आले. आता ते ठरवणं मी तिच्यावर सोडलंय. मी झाड तोडलं त्याच दिवशी भिंतीपलीकडं सुनंदा माझ्या न जन्मलेल्या नातीसाठी पत्र लिहीत होती.