मुलाखतीत न दिलेली ओळख

मंगल गेल्याचा फोन तिच्या वडिलांनीच केला. मेंढरांमागं हिंडून त्यांना, म्हणजे दगडूबामामांना, फोनवरही मोठ्यानं बोलायची सवय. त्या दिवशी मात्र आवाज इतका खाली होता, की मला दोनदा विचारावं लागलं. "कावीळ झाली व्हती. नांदेडला नेलं... न्हाई राहिली." त्याला आता सहा आठवडे होतील.

मंगल आणि मी वालूरच्या शाळेत दहावीपर्यंत एका वर्गात. बारावीनंतर मी पुण्याला पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला गेलो. माझ्या काकांनी त्याची सगळी माहिती काढून ठेवली होती. तिच्या घरी असं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ती परभणीला बी.एस्सी. कृषी झाली आणि मग, जमिनीच्या मोजणीपायी वडिलांना तहसीलचे हेलपाटे घालताना पाहून, तिनं एलएल.बी. केलं. "विन्या, तुझ्या हाफिसात जागा निघाली तर कळव," म्हणाली. मी तेव्हा मुंबईच्या एका वकिलांच्या फर्ममध्ये होतो. मी कळवलं. लेखी परीक्षेत तिचा पेपर सगळ्यांत चांगला निघाला, म्हणून तिला मुलाखतीला बोलावलं.

मुंबईच्या त्या खोलीत टेबलाच्या अलीकडं आम्ही तिघं होतो. आमच्या फर्ममध्ये लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण अर्ज हातात आला की नजर आधी कॉलेजच्या नावावर जायची. ठरावीक चार-पाच कॉलेजं, नाहीतर निदान पहिली पदवी मोठ्या शहरातली, वाणिज्य किंवा अर्थशास्त्राची. वरिष्ठांनी तिचा अर्ज चाळला. "बी.एस्सी. ॲग्री? आमच्याकडे शेती नाही हो करत." दुसरे हसले. मीही हसलो. मंगलनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी ओळख दाखवीन याची ती वाट पाहत असावी... मी कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं करत राहिलो. ती गेल्यावर वरिष्ठ म्हणाले, "हुशार आहे. पण मोठ्या अशिलापुढं बसवता येईल का?" मी वालूरचा आहे हे फर्ममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याचा, असंच मी सांगायचो. "नाही जमणार बहुतेक," असं मीच म्हणालो.

तिनं आमच्या तालुक्याला, सेलूला, वकिली सुरू केली. चार वर्षांनी एका बियाणं कंपनीचं काम आमच्याकडं आलं. सोयाबीन उगवलं नाही म्हणून एका शेतकऱ्यानं परभणीच्या ग्राहक आयोगात तक्रार केली होती आणि त्याची वकील मंगल होती. पेरणी खोल झाली, दोष बियाण्याचा नाही, असं आमच्या तज्ज्ञानं सांगितलं. मंगल शांतपणे उठली. "त्याच दिवशी, त्याच तिफणीनं शेजारच्या पट्ट्यात दुसरं बियाणं पेरलं होतं. पंचनाम्यात नोंद आहे. ते कसं उगवलं?" तज्ज्ञ आपला अहवाल चाळू लागला, मग माझ्याकडं पाहू लागला. पेरणीबद्दल मला काय कळत होतं?

आम्ही हरलो. निकाल वाचून वरिष्ठांनी फोन केला, "कोण ही बाई? आपल्याकडे येते का विचार." मी सेलूला जाऊन विचारलं. ती हसली. "आता व्हय? आता मला हितंच लय काम हाय." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "नोकरी न्हाई मिळाली त्याचं काई न्हाई रे. तू वळख बी दिली न्हाईस, ते लय लागलं." मी काही बोलणार, तोवर अशील आलं. पुढच्या वेळी नीट माफी मागू, असं ठरवलं. "नाही जमणार" हे शब्द माझे होते, हेही सांगायचं होतं. दोन दिवाळ्या तशाच गेल्या.

परवा सेलूला गेलो. अशिलांची कागदपत्रं परत द्यायला दगडूबामामांनी तिची खोली उघडी ठेवली होती. चारठाण्याकडची एक बाई नोटीस घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. मामांनी सांगितलं. ती बाकावर बसली, मग नोटीस माझ्यापुढं धरली. "तुमी वकील हाव ना?"

मी मनात वाचू लागलो, तर मामांनी थांबवलं. "तसं न्हाई. मंगल आधी मोठ्यानं वाचायची. मंग आपल्या बोलीत सांगायची. हितं तशीच रीत हाय."

मी पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. मग त्या बाईला आमच्या बोलीत सांगायला लागलो. शब्द लवकर आठवत नव्हते... जिथं अडलो, तिथं मामा सांगत होते.