बाईंचा काळा पाव

आमच्या विज्ञानाच्या बाई स्वतः भाजलेला पाव चोवीस तास कुणाला कापू द्यायच्या नाहीत. ओव्हनमधून काढला की तो धुवट सुती पंच्यात गुंडाळायचा, त्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी टाचायची आणि कपाटावर ठेवून द्यायचा. शाळेत प्रयोगाच्या बरण्यांवर अशाच चिठ्ठ्या असायच्या. निवृत्तीनंतर सुटलेली ती प्रयोगशाळा बाईंनी म्हातारपणी स्वयंपाकघरात थाटली. आणि तीही कुठे, तर माझ्या बेकरीपासून चार घरं सोडून!

मी पाववाला. पाचूबंदरच्या रस्त्यावर आमची लाकडाची भट्टी आहे. आजोबांनी बांधली, बाबांनी चालवली, आता मी चालवतो. बंदरातून होड्या निघतात त्या आमचे पाव आणि टोस्ट घेऊन. पाव म्हणजे मऊ, हलका, दाबला की पुन्हा वर येणारा आणि गरम गरम हातोहात खपणारा. कालचा पाव ही आमच्या धंद्यात तोंड लपवायची गोष्ट. बाईंचं सगळं उलटं. राय म्हणून थंड मुलखातलं एक धान्य आहे, त्याचं काळपट पीठ त्या पार्सलने मागवायच्या. त्यात जवस, तीळ, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया. यीस्ट नाही, तर बरणीत पीठ-पाणी आंबवून घरीच केलेलं खमीर. एवढं करून हातात यायची ती एक वीट. वर म्हणायच्या, "आज नको, उद्या खा. उद्या तो खरा लागतो."

त्यांना शुगर निघाली, डॉक्टरांनी मैदा बंद केला, तेव्हापासून हे सुरू झालं. परदेशातल्या लेकीने कृती लिहून पाठवली. पहिले सहा पाव बिघडले आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून खूश झालो. बाईंनी मात्र वही घातली. ती ओट्यावर उघडीच असायची, एकदा सहज डोकावलो तेव्हा मी चोरून वाचली. "आज खमीर आळसावलं होतं. पाणी कोमट हवं होतं." "बिया न भिजवता घातल्या. पिठातलं सगळं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं. चूक माझी." तीस वर्षांच्या धंद्यात मी "चूक माझी" असं कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

सातवा पाव जमला. मग काय विचारता! गल्लीतल्या बायका कृती विचारायला रांगेने जाऊ लागल्या. फादरांनी नाश्त्याला मागून घेतला. आमच्या चर्चमध्ये सणाच्या मिस्साला अर्पणाची मिरवणूक निघते, तिच्यात पुढे माझ्या पावांची टोपली असायची, वर्षानुवर्षं. त्या वर्षी पुढे बाईंचा काळा पाव आणि माझी टोपली मागे, केळ्यांच्या घडाशेजारी. मिस्सा कसली ऐकतोय? मी सगळा वेळ त्या पावाकडे डोळे वटारून बघत होतो.

पण खरा घाव बसला तो बाबांमुळे. बाबा पंच्याऐंशीचे. त्यांनाही शुगर, त्यांनाही पाव बंद. जन्मभर पाव भाजलेला माणूस भट्टीसमोर खुर्ची टाकून चपाती चावायचा. माझ्या पावाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. पहिल्या घाण्यातला एक पाव उचलायचे, दाबायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "मीठ." कमी की जास्त, तेही सांगायचे नाहीत. एकदा तरी त्यांनी "झकास झालाय" म्हणावं, यासाठी मी तीस वर्षं झटलो. एके सकाळी बाईंनी दोन काप पाठवले. बाबांनी सावकाश चावले, डोळे मिटून चावले आणि भर गिऱ्हाइकांत मला म्हणाले, "पास्कू, ह्याला म्हनतात पाव."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बाईंच्या हातांचा, बाईंच्या बरणीचा, त्या पंच्याचासुद्धा मला हेवा वाटला. आणि त्यानंतर बाबांचं रोजचं पालुपद, "बाईंकडनं आला काय?"

मग मीही गुपचूप रायचं पीठ मागवलं. म्हटलं, सायन्सवाल्या बाईला जमतं, मग मला काय झालं? फळीवर घेऊन मैद्यासारखं आपटून आपटून मळलं. पीठ ताणलं जाईना, कोपरापर्यंत चिकटून बसलं. तसंच भाजलं आणि भट्टीतून काढल्याबरोबर सवयीने सुरी घातली. आत नुसता चिखल. नेमक्या त्याच वेळी बाई दारात.

"मळलास?"

"मग? न मळता पाव होतो?"

"हा होतो. याला नुसतं कालवायचं. आणि गरम कशाला कापलास? आतला ओलावा बसायला वेळ लागतो, पास्कू. आधी पाव निवू दे. मग तूही निव."

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या खमिरातलं अर्धं एका बरणीत घालून घेऊन आल्या. मी नको म्हणालो.

"ठेव," बाई म्हणाल्या. "शाळेतही तू शेजारच्याचं बघून लिहायचास आणि वर त्याच्यावरच रागवायचास."

बरणी मी फ्रीजमध्ये पार मागे ढकलली. राग होता, पण दर आठवड्याला पीठ-पाणी घालत राहिलो. घरात आलेल्या जिवाला उपाशी कसं मारायचं?

गेल्या पावसाळ्यानंतर बाई गेल्या. सकाळच्या मिस्साहून आल्या, खुर्चीत बसल्या आणि संपल्या. मयताला मी गेलो, माती दिली, आणि परतताना माझ्या मनात काय आलं असेल? की आता गल्लीत पाववाला मी एकटाच. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

बाबा तोवर अंथरुणाला खिळले होते. त्यांना बाई गेल्याचं सांगायला कुणाची जीभ उचलेना. जेवण टाळायचे, पेज थुंकायचे आणि विचारायचे तेवढं एकच, "बाईंकडनं आला काय?" शेवटी मी बरणी बाहेर काढली. बिया आदल्या दिवशी भिजवल्या. पीठ कालवलं, मळलं नाही. भाजून झाल्यावर दिवसभर त्याला हात लावला नाही, आणि हे मला सगळ्यांत जड गेलं.

दोन पातळ काप करून बशीत घातले. बाबांनी हुंगले.

"बाईंनी धाडला?"

"मी केला, बाबा," हे शब्द ओठांवर आले होते. पण ते म्हटलं असतं तर बाईंचंही सांगावं लागलं असतं. आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती, ते एक घास खाऊन म्हणाले असते, "मीठ."

"हो," मी म्हणालो.

बाबांनी दोन्ही काप संपवले. कित्येक दिवसांत त्यांनी एवढं खाल्लं नव्हतं. बोटाने बशीतल्या बिया टिपून खाल्ल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झकास. तुला जमंल काय रं असा, कवा?"

मातीआड गेलेल्या बाईंचा मला त्या घडीला जेवढा हेवा वाटला तेवढा त्या हयात असताना कधी वाटला नव्हता.

"नाय जमनार, बाबा," मी म्हणालो आणि आणखी एक काप कापायला उठलो.