कुणावाचून काही अडत नाही

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची कामं वाटायची वेळ आली की सगळे सुशांत वानखडेकडे बघतात. तो प्रत्येक कामाला दोन माणसं नेमतो. आरतीचं ताट धरणारा एक, आणि तो आजारी पडला तर धरणारा दुसरा. मोदक शैलजाकाकूंचे, पण काकूंचा हात दुखला तर दीपाला उकड काढता येते का, हे त्याने आधीच विचारून ठेवलेलं असतं. काकू एकदा चिडल्या. "अरे, मी मेले तरी तुझी तयारी आहे म्हण की!" सुशांत हसला. हसला, पण नाही म्हणाला नाही.

हा स्वभाव त्याला नोकरीने दिला. नागपूरहून तो इथे आला तेव्हा डोक्यावर केस होते. आता केस गेले होते, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत तो अजून उभाच होता. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर घर, गाडी, मुलीची शाळा, सगळं सोडून विमानात बसायचं. अशा माणसाच्या अंगात सावधपणा मुरतो. हळूहळू त्याचा वास येऊ लागतो, आणि तो त्याला स्वतःला येत नाही.

औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्याचा विमा कुठल्या गोळीला लागू आहे, हे पडद्यावर सांगणारी यंत्रणा सुशांतची कंपनी चालवायची. तिचं निम्मं काम पुण्यात होई, निम्मं युक्रेनमधल्या खार्किव शहरातल्या एका छोट्या कंपनीत. एकाच्या डोक्यात असलेली विद्या दुसऱ्याच्या डोक्यात उतरली की नाही, हे पाहणं सुशांतकडे होतं. या धंद्यात या कामाला केटी म्हणतात, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एकाने दुसऱ्याला सगळं शिकवायचं. शिकवून झालं की पहिल्याची गरज संपते, पण हे कुणी बोलून दाखवत नाही.

खार्किवच्या कंपनीत ओस्ताप होता. दर वर्षी एक जानेवारीला सगळ्या अमेरिकेचे विमे बदलतात, आणि त्या दिवशी यंत्रणेवर पडणारा भार पेलणारा भाग त्याने एकट्याने बांधलेला होता. युद्धाच्या आधी एका उन्हाळ्यात तो पार्सिपनीला आला होता. सुशांतच्या बायकोने, वल्लरीने, त्याला थालीपीठ खाऊ घातलं, तेव्हा त्याने चार खाल्ली आणि पाचव्याला लोण्याचं भांडंच जवळ ओढलं. सुशांतने गमतीने शिकवलं, हिला वहिनी म्हणायचं. त्यानंतर तो समोर येईल त्या बाईला वहिनी म्हणत सुटला. किराणा दुकानातल्या गुजराती आजींनाही. वल्लरी हसून हसून बेजार झाली. "याला परत पाठवू नकोस रे. आपल्या मंडळात कुणी एवढ्या मानाने हाक मारत नाही."

तो परत गेला. मग युद्ध सुरू झालं. पहिले काही दिवस सुशांतला कॉलवर काय बोलावं ते सुचत नसे. नंतर सुचायला लागलं, कारण कामाचंच बोलायचं असे. खार्किवमध्ये सायरन वाजला की ओस्ताप माइक बंद करायचा. आपण कुकरची शिट्टी झाली की करतो, तसा. परत चालू करून म्हणायचा, "सॉरी, कुठे होतो आपण?"

पुण्यातली आश्लेषा त्याच्याकडून शिकत होती. खार्किवची वीज गेलेली असली तर तो खाली गाडीत बसून लॅपटॉप चार्ज करायचा, आणि तिथूनच शिकवायचा. स्वेटरवर कोट, कोटावर ब्लँकेट, काचेवर वाफ. या धंद्यातले जुने लोक एखादी किल्ली आपल्या खिशात ठेवून बाकीच्या देतात, म्हणजे नोकरी टिकते. ओस्तापने सगळ्या दिल्या. वर ती किल्ली कुलपात अडकली तर कशी हलवायची, तेही सांगितलं.

युद्ध रेंगाळलं तसे पार्सिपनीतले वरचे लोक अस्वस्थ झाले. सुशांतचा साहेब ग्लेन. टेबलावर युक्रेनचा निळा-पिवळा झेंडा ठेवणारा, मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने सगळ्यांना कॉलवर घेतलं. खार्किवच्या कंपनीचा मालकही होता.

"उद्या खार्किव बंद पडलं," ग्लेनने विचारलं, "तर कुणावाचून आपलं काम अडेल?"

"कुणावाचूनही नाही," सुशांत म्हणाला. "प्रत्येकाला पुण्यात बॅकअप आहे."

आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. त्या उत्तरामुळे ग्लेन शांत झाला आणि खार्किवचं कंत्राट वर्षभर वाढलं. तिथली टीम सांभाळणाऱ्या दारिनाने स्वतः त्याचे आभार मानले. त्या संध्याकाळी सुशांतने घरी येताना श्रीखंड आणलं.

वसंत संपता संपता दारिनाचा फोन आला. ती एरवी मेसेज करायची.

"आमच्याकडे सैन्यात नेण्याचे नियम कडक झालेत," ती म्हणाली. "ज्यांच्यावाचून काम चालणारच नाही, अशा काही पुरुषांना कंपनी मागे ठेवू शकते. सगळ्यांना नाही. निम्म्यांना."

"मग ओस्तापचं नाव दिलं असेल ना?"

"मालक म्हणतो, कसं देऊ? मी स्वतः ऐकलंय, अमेरिकावाले म्हणाले कुणावाचून अडत नाही. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा मॅनेजर मालकावर ओरडला होता, माझ्या माणसांना हात लावलात तर सगळं कोसळेल म्हणून. त्याची माणसं राहिली."

सुशांतला खुर्चीत नीट बसता येईना.

"एक जागा उरलीय," दारिना म्हणाली. "शुक्रवारपर्यंत तुझ्याकडून एक वाक्य हवंय. ओस्तापवाचून काम बंद पडेल. बास. बाकी मी बघते."

तो ग्लेनकडे गेला. ग्लेनने सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"फार वाईट आहे हे," तो म्हणाला. "पण मला एक सांग. त्याच्यावाचून काम बंद पडेल की नाही? पडणार असेल, तर त्या दिवशी तू मला चुकीचं सांगितलंस, आणि मला सगळं काम आजच पुण्याला हलवावं लागेल. नसेल पडणार, तर आपण लिहितोय काय?" थोडं थांबून तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते लिही. मेलमध्ये मला कॉपीत ठेव फक्त."

घरी जेवताना वल्लरी म्हणाली, "यात विचार कसला करतोस? लिही ना! एक वाक्य तर आहे."

"आणि कंत्राट गेलं तर? तिथल्या सगळ्यांची नोकरी जाईल. मग कुणालाच मागे ठेवता येणार नाही."

"तिथल्या सगळ्यांचं मला नको सांगू. तुझं सांग."

"माझीही नोकरी जाईल. मग? सामान बांधायला घेतेस?"

वल्लरी पोळी वाढायला उठली आणि ओट्याशीच उभी राहिली. त्यांच्या मुलीने, अनिकाने, फोनमधून डोकं वर काढलं. ती कॉलेजच्या उंबरठ्यावरची पोरगी, तिला ओस्ताप आठवत होता. "बाबा, जस्ट लाय. लोक याहून फालतू गोष्टींसाठी खोटं बोलतात."

"असं नसतं, बेटा. रेकॉर्डवर येतं सगळं."

"ओके," ती म्हणाली. तिने परत फोनमध्ये डोकं घातलं.

शुक्रवारी त्याने लिहिलं. ओस्ताप हा आमचा अत्यंत मोलाचा सहकारी आहे आणि तो कामावर राहावा अशी आमची मनापासून इच्छा आहे. इथे थांबायला हवं होतं. पण कॉपीत ग्लेन होता. म्हणून त्याने पुढे जोडलं, त्याच्या अनुपस्थितीतही काम सुरळीत चालेल अशी व्यवस्था केलेली आहेच. हे दुसरं वाक्य त्याने खोडलं, परत घातलं, परत खोडलं. शेवटी ते राहिलं. मेल गेल्यावर त्याला सभ्य, समतोल काहीतरी केल्यासारखं वाटलं. त्या भावनेची त्याला पुढे जेवढी शिसारी आली, तेवढी दुसऱ्या कशाचीच आली नाही.

दारिनाने उत्तर दिलं नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

ओस्तापने सैन्यात जाण्याची बातमी स्वतःच कॉलवर सांगितली, रजेवर चालल्यासारखी. "आश्लेषा, तुला आता मी लागत नाही. घाबरायचं नाही." मग म्हणाला, "सुशांत, वहिनीला सांग, थालीपीठ उधार राहिलं." मेलमधलं दुसरं वाक्य त्याला कुणी दाखवलं होतं की नाही, हे सुशांतला कधीच कळलं नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हापासून सुशांत एका गोष्टीची वाट बघू लागला. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही. काहीतरी मोडावं, अशी ती इच्छा होती. पुण्यातून रोज हिरवे आकडे यायचे आणि तो त्यांत एखादा लाल शोधायचा. एक जानेवारीवर त्याची सगळी भिस्त होती. त्या दिवशी दुकानांतून रांगा लागाव्यात, म्हातारे चिडावेत, ग्लेनने घाम पुसत विचारावं, कुठे आहे तो माणूस? तेव्हा मी उभा राहीन, सुशांत मनात म्हणायचा, आणि सांगीन. अजून वेळ गेलेली नाही, लिहा त्यांना, बोलवा त्याला परत.

एक जानेवारी उजाडला. बर्फ पडत होतं. दुपारी आश्लेषाचा फोन आला, आवाजात नुसता आनंद.

"सर, एकही तक्रार नाही! ओस्तापने इतकं सुंदर शिकवलंय ना सर, काही अडतच नाही."

"वा," सुशांत म्हणाला. "छान."

ग्लेनने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. सुशांत फावडं घेऊन बर्फ काढायला गेला, आणि स्वतःचं अंगण झाल्यावर शेजाऱ्याचंही काढत राहिला. वल्लरी दारात आली. "काय झालं रे?"

"काही नाही झालं," तो म्हणाला. "काहीच नाही झालं गं."

बर्फ वितळायच्या सुमारास दारिनाने कळवलं की ओस्ताप बेपत्ता आहे. ज्या खंदकात तो होता तिथे ड्रोन पडलं. कुणी सापडलं नाही, कुणी मेल्याची नोंद नाही. पकडलेल्या सैनिकांची दोन्ही बाजू अधूनमधून अदलाबदल करतात. तेव्हा बसमधून उतरणाऱ्या हडकुळ्या पोरांसमोर आया फोटो धरून उभ्या राहतात, याला पाहिलंत का विचारत. ओस्तापची आई प्रत्येक वेळी जाते.

"तुझ्याकडे एक काम आहे," दारिना म्हणाली. इतक्या महिन्यांत कामापलीकडचं ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी तिला सांगत आलेय की तुमचा मुलगा नाही म्हणून अमेरिकेत सगळं ठप्प झालंय, तिथले लोक हवालदिल आहेत. तिला त्याने बरं वाटतं. आता ती म्हणते, मला त्या अमेरिकेतल्या माणसाच्याच तोंडून ऐकायचंय."

"दारिना, मी…"

"बोलशील की नाही?"

तो बोलला. शनिवारी सकाळी, स्वयंपाकघरात, वल्लरी आणि अनिका समोर बसलेल्या असताना. पडद्यावर एक जाडसर बाई होती, डोक्याला रुमाल, चेहरा ओस्तापचाच. शेजारी दारिना दुभाषी म्हणून.

"आई," सुशांत म्हणाला, आणि पुढचं त्याला जड गेलं नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. "ओस्ताप गेल्यापासून आमचं काम बंद पडलंय. त्याने बांधलेलं कुणाला चालवता येत नाही. जानेवारीत फार हाल झाले, दुकानांत रांगा लागल्या. आमचे साहेब रोज त्याची आठवण काढतात. त्याच्यासारखा दुसरा नाही. आमच्याकडे नाही, पुण्यात नाही, कुठेच नाही."

दारिना खालच्या आवाजात एकेक वाक्य सांगत गेली. आई मान हलवत होती. समोर अनिका बापाकडे बघत होती. मग तिने नजर वळवली.

आईने हात पुसले. मग ती पुढे सरकली आणि भराभर बोलू लागली. दारिनाने तिला मध्येच थांबवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने दारिनाचा हात बाजूला केला आणि पुन्हा तेच म्हणाली.

"काय म्हणतात त्या?" सुशांतने विचारलं.

"ती म्हणते," दारिना म्हणाली, "मग हे सैन्यवाल्यांना लिहून द्या. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाने लिहिलं तर ते त्याला शोधून घरी पाठवतील. आजच द्या म्हणते. ती थांबतेय."