कंबरेत सुटलेला तारा

कातारीकाकांनी काढलेला गोल म्हणजे गोल. आसपासच्या चार गल्ल्यांतले पलंगाचे पाय, जिन्याचे खांब, सगळे त्यांच्याच लाकूड कातायच्या लेथवरून उतरलेले. पण उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि माणूस घरातच चोरासारखा वागू लागला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, सही टाळायची, बारीक काम आलं की "सवड नाही" म्हणून परत पाठवायचं. बायकोनं विचारलं तर म्हणायचे, "थंडी वाजतेय." भर उन्हाळ्यात!

अशात लेक आली. ती अंध मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाबा, शुक्रवारपर्यंत तीन वस्तू हव्यात. एक सावकाश फिरणारा तारा, एक भन्नाट वेगानं फिरणारा आणि एक कृष्णविवर. मुलं हातांनी बघतील."

लेकीला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं?

पहिला तारा कसाबसा जमला. दुसऱ्याचं चित्र मात्र काकांनी उलटसुलट करून बघितलं. "हा तर चेपलाय! लोक म्हणतील, म्हाताऱ्याला साधा गोल जमेना."

"तो असाच असतो. गुरुत्वाकर्षण सगळीकडून आत ओढतं, म्हणून तारा गोल. पण गरगर फिरायला लागला की कंबरेतला वायू बाहेर पडू बघतो. मग कंबर सुटते, वरचं-खालचं टोक चपटं होतं. टोकं जास्त तापतात, झळाळतात. कंबर त्यामानानं मंद."

"आणि आणखी जोरात फिरला तर?"

"कंबरेतून उडायलाच लागेल."

बुधवारी दुपारी काका लाकडाची कंबर काढत होते. हात थरथरला, पटाशी अडकली आणि वीतभर ढलपी सुटून कानाजवळून शटरवर आदळली. त्यांनी लेथ बंद केला आणि ते ढलपी उचलायला वाकले. वर बघतात तो दारात लेक.

"लागलं?"

"नाही."

"हात दाखवा."

लपवायला आता जागाच नव्हती. हात पानासारखा हलत होता.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आईला सांगू नकोस."

"सांगणार. आजच. आणि शाळेत कळवते, एकच तारा मिळेल म्हणून."

हे मात्र काकांना झोंबलं. "तीन म्हणजे तीन!"

मग वेग निम्म्यावर आणला. लेक स्विचवर बोट ठेवून शेजारी उभी राहिली. पटाशी लाकडाला टेकली की ती श्वास रोखायची आणि ते काकांना जाणवायचं. झळाळी बोटांना कळावी म्हणून टोकं त्यांनी गुळगुळीत केली, मंद कंबर खरखरीत ठेवली. विवरासाठी खोलगट थाळा केला आणि त्यात काठापासून वळत वळत आत जाणारी खोबण कोरली.

"फिरणारं विवर भोवतालची जागाच आपल्याबरोबर फरफटत नेतं," लेक म्हणाली. "अगदी जवळ गेलं की कुणालाच स्थिर राहता येत नाही."

काकांनी हात खिशात घातला.

शुक्रवारी वस्तू घेऊन काकाही लेकीच्या वर्गात गेले. तिथं दहा वर्षांच्या एका मुलीनं तारा चाचपला. "याची कंबर सुटलीय! आमच्या मामासारखी." वर्ग हसला. मग तिचं बोट थबकलं. "इथं खाच आहे. ताऱ्याला असते?"

लेक काही बोलणार तोच काका म्हणाले, "नाही गं बाळ. तिथं माझा हात थरथरला."

"दुखतो?"

"दुखत नाही. भीती वाटते."

मुलीनं जरा विचार केला आणि तारा शेजारणीकडे सरकवला. "खाच ताऱ्याची नाही हं, काकांची आहे."

सोमवारी बायको त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. इतके महिने लपवलं म्हणून ती अजून धुमसत होती. डॉक्टर म्हणाले, औषधानं थरथर आटोक्यात राहील, पण पुरती जाईल असं नाही. जोराच्या वेगाचं काम बंद.

आता काका सकाळी उठले की आधी हात पुढे धरून बघतात. काही दिवस बरे जातात, काही नाही. बायको शेजारी उभी राहून विचारते, "आज कसा आहे?" आणि ते खरं काय ते सांगतात.