सरूबाईचं ऐकायचं राहून गेलं

हेमावती सात वर्षांची असताना तिच्या आईनं, सरूबाईनं, तिला अळणावरहून आणून धारवाडच्या एका मिशन होस्टेलात ठेवलं. नवरा वारलेला, सरूबाई लाकडाच्या वखारीत कामाला. "नाताळला न्यायला येते," म्हणाली. चार नाताळ गेले, ती आली नाही. पाचव्या वर्षी आली तेव्हा हेमावतीनं हात जोडून "जय ख्रिस्त" म्हटलं, विचारलेल्याची उत्तरं दिली आणि अभ्यास आहे म्हणून आत निघून गेली.

पुढे ती नर्स झाली. लग्न केलं नाही. सदतीस वर्षं रोग्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केल्या. चर्चमधली माणसं म्हणायची, "हेमक्काचा विश्वास बघा, कधी डोळ्यांत पाणी नाही." दुसऱ्यांसाठी तिनं देवाकडं पुष्कळ मागितलं. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की जीभ उचलायची नाही. मागितलं आणि आईसारखा तोही आलाच नाही तर?

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सरूबाई तिच्याकडं राहायला आली. वय ऐंशीच्या पुढं, हृदय थकलेलं. हेमावतीनं सेवेत काही कमी पडू दिलं नाही. वेळेवर औषध, मऊ भात, रोज अंग पुसणं. पण संध्याकाळ झाली की म्हातारी म्हणायची, "हेमा, बस की जरा. तुला त्या वेळचं सांगायचंय."

"दम लागतोय अव्वा तुला, बोलू नको," म्हणत हेमावती स्तोत्रं वाचायला घ्यायची. मोठ्यानं, एकामागून एक, म्हातारीचा डोळा लागेपर्यंत.

एकदाच सरूबाई म्हणाली, "देवाचं रोज ऐकवतीस. माझं एकदा ऐक की."

"उद्या," हेमावती म्हणाली.

असे बरेच उद्या गेले. फेब्रुवारीत एका सकाळी ती चहा घेऊन गेली, तर आई गेलेली होती.

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "शेवटपर्यंत वचन कानावर पडलं. भाग्यवान गं." हेमावतीला ते ऐकवेना. सगळे गेल्यावर ती मधुवंतीपाशी, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीपाशी, बोलली.

"मी तिला बोलूच दिलं नाही, मधू. भीती वाटायची."

"कशाची?"

"काहीतरी साधंच कारण निघेल, आणि मला तिला माफ करावं लागेल."

महिन्याभरानं ती एकटीच अळणावरला गेली. वखार बंद पडलेली. गल्लीत सरूबाईला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. ती चार वर्षं आई कुठं होती, काय झालं होतं, कुणालाच सांगता आलं नाही. दुपारच्या गाडीनं ती परतली.

त्या रविवारी पाळकांनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायची आहे?"

हेमावती उभी राहिली. "माझ्यासाठी करा. मला आईची फार आठवण येते." आणि ती रडायला लागली. एवढ्या वर्षांत तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. बायका उठून तिच्याजवळ येऊन बसल्या.

आता ती रोज थोडं स्वतःसाठी मागते, कधी देवावर चिडतेही. झोप लागते, दोन घास जातात.

"हलकं वाटतं का गं?" परवा मधुवंतीनं विचारलं.

"वाटतं," हेमावती म्हणाली. "पण तिची आठवण येते हे तिला सांगू कसं?"