टपावर दोन थापा

"बाबांना आठवणीनं पाणी प्यायला सांग," माझी लेक मीना फोनवर म्हणाली. जावई पेट्रोल भरत होता. तो म्हणाला, "अगं, बाबा तुझ्या गाडीत आहेत ना?" तिकडून ती एकदम ओरडली, "अरे, ते तुझ्याकडे आहेत!" ज्यांनी उभ्या जन्मात एक माणूस मागे राहू दिला नाही, त्या माझ्या व्याह्यांना आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात, दगडांच्या डोंगरात, भर दुपारच्या उन्हात सोडून आलो होतो. वय चौऱ्याहत्तर, अंगात साखरेचा आजार, आणि त्यांचा फोन, गोळ्या, पाणी सगळं आमच्या डिकीत. चूक माझी होती. निघताना जावयानं विचारलं होतं, "आई, बाबा कुठे बसले?" मी म्हटलं, "मीनाच्या गाडीत असतील, चल." मागे वळून बघितलंसुद्धा नाही. सकाळपासून त्यांची बडबड ऐकून माझे कान किटले होते, परतीची वाट तरी शांत जावी एवढंच मला हवं होतं.

व्याही साताऱ्याकडे एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. नोकरी संपून सोळा वर्षं झाली, पण गाडी त्यांच्या अंगातून उतरली नाही. बायको गेल्यावर मुलानं, म्हणजे आमच्या जावयानं, त्यांना इकडे अमेरिकेत चँडलरला आणलं, तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या सोफ्यावर कुणी कुठे बसायचं ते ठरवून टाकलं. एकदा मॉलच्या लिफ्टमध्ये सहा फुटी गोरी माणसं दारातच उभी होती. व्याह्यांनी हात हलवून सांगितलं, "चला, पुढं सरका, मागं जागा रिकामी हाय!" आणि ती माणसं मुकाट्यानं सरकली. भाषा नाही कळली, पण आवाज कळला. कुणाच्या घरी जेवायला गेलो की निघताना हे मागे राहणार आणि सोफ्याच्या गाद्या उचलून बघणार. "शेवटच्या थांब्याला गाडी तपासायची असते विहीणबाई, माणूस काय ना काय विसरतोच." एका घरी त्यांनी असा एक चष्मा आणि कानातलं एक कुडं शोधून काढलं. दोन्ही आमची नव्हती. घरमालकीण वर्षभर ते कुडं शोधत होती, तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. त्यानंतर तर त्यांना धरबंदच राहिला नाही.

आणि त्या थापा. एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला. इथल्या गाडीत घंटीची दोरी नाही, म्हणून व्याही बाहेर उभे राहून सगळ्यांना मोजायचे, टपावर दोन थापा मारायचे आणि मग चटकन आत बसायचे. थापा पडल्याशिवाय गाडी हलली तर दिवसभर फुगून बसायचे. शेवटी लेक-जावयाला सवय लागली. दोन थापा ऐकल्या की पाय आपोआप दाबला जायचा.

त्या दिवशी आम्ही डोंगरातली जुनी चित्रं बघायला गेलो होतो. नातीला परस्पर नाचाच्या क्लासला सोडायचं होतं, म्हणून दोन गाड्या. हत्तीएवढाले गोटे कुणी एकावर एक रचून ठेवावेत तसा तो डोंगर. मी एकाहत्तर वर्षांची, पण पदर खोचला आणि चढले. उन्हानं काळ्या पडलेल्या दगडांवर ठोके मारून आतला फिकट रंग बाहेर काढलेला. वाकड्या शिंगांची मेंढरं, हात पसरलेली माणसं, गोल गोल आत जाणाऱ्या रेघा. इथल्या मूळच्या लोकांनी फार पूर्वी कोरलेलं, असं नातीनं पाटी वाचून सांगितलं. व्याह्यांना काय आनंद झाला! "विहीणबाई, ह्यो घाट बघा! सात वळणं! वर मेंढरं, म्हंजे पुढच्या थांब्याला पाणी!"

मी म्हटलं, "घाट कसला? पाट्याला टाकी लावल्यासारखे ठोके आहेत हे. इतके सारखे पडायला हात बसलेला लागतो. कुणा बाईचं काम असणार."

"बायकांना रस्ता काय कळतोय!"

"नाही कळत, म्हणून तर तुमच्या गाडीत बसतो."

"आजी, आजोबा, स्टॉप फायटिंग! लुक, बेबी शीप!" नात ओरडली आणि आम्ही दोघंही भांडण टाकून तिकडे धावलो. खरंच, मोठ्या मेंढीच्या पोटाखाली बोटभर पिल्लू होतं. तिथेच सावलीत बसून पोळी-भाजी खाल्ली.

निघताना व्याह्यांनी एका गाडीवर दोन थापा मारल्या, मग दुसऱ्या गाडीवर दोन. आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की जेवलो ती जागा तपासायची राहिली. ते वळले, आणि दोन्ही गाड्या शिस्तीत निघून गेल्या.

पेट्रोल पंपावरून परत तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागली. गाड्या लावायची जागा रिकामी. जावई "बाबा! बाबा!" ओरडत सुटला, त्याचा आवाज फाटला होता. मी म्हटलं, "ओरडू नको. जेवलो तिथे बघ." आणि मीही त्याच्यामागे चढले.

व्याही मेंढरांच्या दगडाखाली बसले होते. अंगात बनियन, सदरा डोक्यावर, ओठ फुटलेले. शेजारी नातीची जांभळी बाटली. ती विसरली होती, यांना सापडली.

"गाडी काय डेपोत नेली व्हती?" जीभ जड झाली होती, तरी बोलले.

"बाबा, रस्त्यावर का नाही आलात? कुणीतरी दिसलं असतं!"

"मागं राहिलेल्या माणसानं थांबा सोडायचा नसतो. गाडी तिथंच येती." बाटलीच्या तळाला दोन बोटं पाणी होतं. मी म्हटलं, "हे का ठेवलं?" तर म्हणाले, "पोरीची हाय. उष्टी नाही केली, वरनं प्यालो."

मी त्यांना तिथेच सांगून टाकलं, की जावयानं विचारलं होतं आणि मीच निघायला लावलं.

"म्हंजे मी जड झालो तुम्हाला?"

"तुम्ही नाही. बडबड."

ते हसले, पण परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. मला हवी होती ती शांतता मिळाली. तिच्यात चाळीस मिनिटं मी सारखी मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिले. दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, साखर बघितली, संध्याकाळी घरी सोडलं.

पुढच्या हिवाळ्यात ते साताऱ्याला परत गेले. इथे करमत नाही म्हणाले. विहिणीनं व्याह्याला फोन करायची आमच्यात पद्धत नाही. लेक रविवारी स्पीकर लावून करते, तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकते. आवाज खणखणीत आहे. व्याही जिवंत आहेत.